टारफुल्याला ज्वारी कळते कशी?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : सर, आमच्या बरड्या वावरात बाबाच्या काळी टारफुला लय व्हायचा. मंग आमी ज्वारीच सोडली. कपाशी, तूर, सोयाबीन हेच फिरवत रायलो. टारफुला काई दिसला नाही. मागच्या साली म्हटलं ढोराइले कडबा होईन, म्हनून दीड एकर ज्वारी पेरली, तं पोटऱ्यावर यायच्या आंधीच टारफुला हजर. एवढी वर्षं तो होता कुठं? अन् वरतं ज्वारी पेरली हे त्याले मातीत राहून समजलं कसं?
— एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. तो कुठं गेलाच नव्हता. टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचं अन्न लुटणारं तण. त्याचं बी मिलिमीटरच्या जेमतेम पाव हिश्श्याएवढं. एका झाडावर ते हजारोंनी धरतं आणि मातीत दहा वर्षांहून जास्त काळ जिवंत राहू शकतं. बाबांच्या ज्वारीतलं बी तुम्ही दरसाल वखरत होता, डवरत होता, फक्त दिसत नव्हतं.

दुसऱ्या प्रश्नाला जागा लागेल.

एवढ्याशा बियात शिदोरी असते थोड्याच दिवसांची. उगवल्यावर काही मिलिमीटरच्या आत ज्वारीचं मूळ सापडलं नाही तर कोंब मेलाच. म्हणून हे बी नुसत्या पावसानं उगवत नाही. ओल्या, उबदार मातीत आठ-पंधरा दिवस मुरून तयार होतं आणि मग एका रसायनाची वाट पाहतं. ते रसायन ज्वारीच्या मुळांतून पाझरतं. त्या कुळातल्या पदार्थांना स्ट्रिगोलॅक्टोन म्हणतात. यातला पहिला पदार्थ अमेरिकेत १९६६ साली वेगळा काढला गेला, आणि तो निघाला कपाशीच्या मुळांतून. ज्या पऱ्हाटीवर टारफुला जगूच शकत नाही, त्या पऱ्हाटीच्या मुळांतून!

मग झाड असला पदार्थ मातीत सोडतं तरी काहून? स्वतःच्या वैऱ्याला आवतण देण्यासाठी तर नक्कीच नाही. याचं उत्तर यायला २००५ साल उजाडलं. मुळांशी सोयरिक करणारी एक बुरशी असते, आपले कृषी सहायक जिला मायकोरायझा म्हणतात तीच. ती झाडाला दूरवरचं स्फुरद आणून देते आणि बदल्यात साखर घेते. जपानी संशोधकांनी दाखवलं की स्ट्रिगोलॅक्टोन ही त्या बुरशीला मारलेली हाक आहे. जमिनीत स्फुरद कमी पडलं की झाड ती हाक वाढवतं. पुढं २००८ मध्ये कळलं की हाच पदार्थ झाडाच्या आतही काम करतो, किती फांद्या फुटू द्यायच्या ते ठरवतो. टारफुला या जुन्या व्यवहारात मागून घुसलेला आहे.

आता तुमच्या ‘समजलं कसं’कडे येतो. बियाला समजतं म्हणजे बियातल्या एका प्रथिनाच्या खोबणीत तो पदार्थ जाऊन बसतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि आत उगवणीची कामं सुरू होतात. अशा प्रथिनाला ग्राही म्हणतात, इंग्रजी शिकलेली मुलं रिसेप्टर म्हणतील. मला या विषयात सगळ्यात जास्त आवडतं ते हे की टारफुल्याचा हा ग्राही सुरुवातीला ग्राही नव्हताच. तो ज्या घराण्यातला आहे ते घराणं मुळात एन्झाइमांचं, म्हणजे रेणू कापणाऱ्या प्रथिनांचं. कृषी केंद्रात बुरशीनाशक म्हणून बॅसिलस सबटिलिस या जिवाणूची पाकिटं मिळतात. त्या जिवाणूत आरएसबीक्यू नावाचं प्रथिन आहे, त्याची घडण याच ग्राहीच्या घडणीशी मिळते. आणि जुनं वळण अजून गेलेलं नाही. स्ट्रिगोलॅक्टोन ओळखणारा ग्राही आलेला निरोप ओळखतो आणि ओळखता ओळखता कापूनही टाकतो.

एन्झाइमचा ग्राही झाला, पण पुढच्या वाटा फुटल्या त्या जनुकाच्या नकलांमुळं. कधी कधी पेशीत एखाद्या जनुकाची चुकून दुसरी प्रत तयार होते. घरी डवरा एकच असेल तर तो मोडून दुसरं औजार करायची कोणाची छाती होत नाही, डवरणी अडेल ना! दोन डवरे असले की एक कामावर राहतो आणि दुसरा लोहाराकडं जाऊ शकतो. जनुकाचंही तसंच. एक प्रत जुनं काम सांभाळते, दुसरीत बदल साचत जातात. बहुतेक वेळा त्यातून भंगारच निघतं. क्वचित नवं काम निघतं.

या घराण्यातला जुना ग्राही म्हणजे केएआय-२. जमिनीवरच्या वनस्पतींच्या जवळच्या हिरव्या शेवाळांतही त्याचे नातलग सापडतात. २००४ साली ऑस्ट्रेलियात जळालेल्या वनस्पतींच्या धुरातून कॅरिकिन नावाचे पदार्थ सापडले. ते काही बियांना उगवायला लावतात, आणि ते ओळखणारा ग्राही हाच. (यावरून कोणी ‘जंगल पेटवलं की गवत चांगलं येतं’ असं शास्त्राच्या नावानं सांगू नये. मेळघाटात काय किंवा तुमच्या गायरानात काय, वणव्यानंतरची हिरवळ बरीचशी पावसाची, राखेची आणि मोकळ्या झालेल्या उजेडाची असते.) याच केएआय-२च्या एका जुन्या प्रतीतून पुढं डी-१४ नावाचा ग्राही झाला. झाडाच्या आतलं स्ट्रिगोलॅक्टोन तो ओळखतो आणि फांद्या आवरतो. तुमच्या ज्वारीत तो आहे, कपाशीत आहे, टारफुल्यातही आहे.

मला आधी वाटलं असतं की टारफुल्यानं ज्वारी ओळखायला हा तयार डी-१४च वापरला असेल. तसं झालेलं नाही. २०१५ मध्ये जपान, कॅनडा आणि अमेरिकेतल्या संशोधकांचे निष्कर्ष जवळजवळ एकाच वेळी आले. त्यांतून दिसलं की टारफुल्याच्या कुळानं जुन्या केएआय-२च्या नव्यानं नकला केल्या आणि त्यांची खोबण अशी बदलली की त्यात धुरातल्या कॅरिकिनऐवजी स्ट्रिगोलॅक्टोन बसावं. म्हणजे एकाच जुन्या प्रथिनातून तेच काम दोनदा, वेगवेगळ्या वाटेनं घडलं. साध्या झाडांत केएआय-२च्या एक-दोन प्रती असतात. आफ्रिकेतल्या मोठ्या टारफुल्यात अशा ग्राहींच्या अकरा प्रती तपासल्या गेल्या. त्यांतली एक इतकी तिखट निघाली की लिटरभर पाण्यात ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहून कमी पदार्थ असला तरी तिला पुरतो. आपल्याकडच्या टारफुल्याची जात वेगळी, पण तिचा सगळा जनुकसंच २०१९ साली वाचला गेला तेव्हा तिच्यातही या घराण्याचा विस्तार झालेला दिसला.

आता वावरातलं. कपाशीच्या मुळांतून स्ट्रिगोलॅक्टोन निघतं, टारफुल्याचं बी फसून उगवतं, पऱ्हाटीला चिकटता येत नाही आणि मरतं. म्हणजे तुमच्या कपाशीनं एवढी वर्षं फुकटात काम केलंच आहे. पण मुळाच्या अगदी लगत असलेलंच बी फसतं. ओळींच्या मधलं आणि खोलातलं उरतं. अमेरिकेत कॅरोलिना भागात १९५६ साली टारफुला आढळला, तेव्हा त्यांनी जमिनीत इथिलीन वायू सोडून पीक नसतानाच बी उगवायला लावलं आणि मारलं. आपल्या दीड एकरासाठी तो खर्च डोक्यात आणू नका.

दुसरं असं की कडब्याची ज्वारी आपण बिनखताची घेतो. उपाशी ज्वारीच जास्त हाका मारते. शेणखत द्या, थोडं नत्र-स्फुरद द्या. टारफुला फुलावर येण्याआधी निंदून काढा. तो वर दिसायच्या आधीच त्यानं मुळाशी बरंच लुटलेलं असतं, त्यामुळं या सालचं पीक निंदणानं फारसं वाचणार नाही, पण पुढच्या सालचं बी थांबेल. धुऱ्यावर टाकून देऊ नका, जाळा.

आणि वाण? मूळचे इथिओपियाचे गेबिसा एजेटा यांनी टारफुल्याला दाद न देणारी ज्वारी तयार केली, २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना त्यासाठी मिळाला. अशा ज्वारीत नेमकं काय बदललं ते २०१७ मध्ये कळलं. तिच्यात एक जनुक बिघडलेलं असतं, त्यामुळं मुळांतून निघणारं स्ट्रिगोलॅक्टोन वेगळ्या घडणीचं असतं आणि टारफुल्याच्या ग्राहींना ते नीट कळत नाही. बुरशीला मात्र कळतं. वाण चांगलाच. तरी ज्या तणाकडं एवढ्या प्रती हाताशी आहेत, त्याच्या पुढं एकाच वाणावर विसंबून बसणं मला पटत नाही.

प्रश्न : सर, वनस्पतींना डोळे नसूनही प्रकाश कळतो असं आम्हाला शिकवलं. मग वनस्पतींचे ग्राही आणि आपल्या डोळ्यांतले ग्राही एकाच पूर्वजापासून आले का? परीक्षेत काय लिहायचं?
— बी.एस्सी. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : पोरी, परीक्षेत ‘नाही’ लिही आणि खाली एक अपवाद जोड. एक गुण जास्त मिळेल.

आपल्या डोळ्यातलं ऑप्सिन हे पेशीच्या पडद्यातून सात वेळा आत-बाहेर जाणारं प्रथिन. या घराण्याचे सुमारे ८०० ग्राही माणसात आहेत, त्यांतले ४०० च्या आसपास नुसत्या वासाचे. वनस्पतींनी हे घराणं जवळपास वापरलंच नाही. त्यांचा लाल उजेडाचा ग्राही फायटोक्रोम. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी प्रयोगशाळेत बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅलडच्या पाल्याच्या (लेट्यूसच्या) बियांवर लाल आणि अतिलाल (लालच्या पलीकडचा) प्रकाश आलटून पालटून टाकला. शेवटचा प्रकाश लाल असेल तर बी उगवे, अतिलाल असेल तर थांबे. तुरीच्या दाट सावलीत पानांतून गाळून येणारा उजेड अतिलाल असतो, म्हणून खालचं तण दबून बसतं. फायटोक्रोमचे नातलग जिवाणूंत आहेत, आपल्या डोळ्यात नाहीत.

अपवाद निळ्या उजेडाचा. क्रिप्टोक्रोम हा ग्राही १९९३ मध्ये अरॅबिडॉप्सिस या मोहरीकुळातल्या रोपात ओळखला गेला. त्याचं जनुक वाचल्यावर तो फोटोलायेजचा नातलग निघाला. फोटोलायेज म्हणजे उन्हानं बिघडलेला डीएनए निळ्या उजेडाच्या मदतीनं दुरुस्त करणारं एन्झाइम. पुन्हा एन्झाइमच! (वरच्या टारफुल्याच्या उत्तराशी ताडून पाहा.) क्रिप्टोक्रोम तुझ्या-माझ्या पेशींतही आहेत, पण तिथं ते शरीराच्या घड्याळात काम करतात, पाहण्याचं नाही.

याच्या नेमकं उलट उदाहरणही लक्षात ठेव. जिवाणूंच्या शेपटीत फ्लॅजेलिन नावाचं प्रथिन असतं. रोपं ते एफएलएस-२ या ग्राहीनं ओळखतात, हे २००० साली कळलं. माणूस टीएलआर-५ नं ओळखतो, हे २००१ मध्ये. दोन्हींची बाहेरची बाजू ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आवर्ती तुकड्यांची, इतकी सारखी की कोणीही सख्खे भाऊ म्हणेल. पण दोघं फ्लॅजेलिनचा वेगवेगळा तुकडा पकडतात आणि दोघांच्या वाटा स्वतंत्र आहेत. वैरी एकच होता, म्हणून उत्तरं सारखी आली. रोपांना पळता येत नाही, रक्तातून फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत, त्यामुळं प्रत्येक पेशीला आपला पहारा आपणच द्यावा लागतो. एफएलएस-२ ज्या मोठ्या घराण्यातला आहे त्या घराण्याचे ग्राही अरॅबिडॉप्सिसमध्ये ६०० हून जास्त आहेत आणि धानात हजारावर. तुमच्या भागात धानाची बांधी सगळीकडं आहे, तेव्हा उदाहरण धानाचंच दे.

प्रश्न : आंबिया बहाराचा संत्रा आतून गोड होतो पण साल हिरवीच राहते. व्यापारी खोलीत गॅस सोडून पिवळा करतात. फळाला गॅस कळतो कसा, आणि हा संत्रा खावा का?
— एक बागायतदार, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : खावा. तो गॅस इथिलीन असेल तर फळं स्वतःही तोच तयार करतात. अन्नसुरक्षेच्या नियमात १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, त्यात आर्सेनिकसारखी विषं मिसळलेली असू शकतात. कार्बाइडमधून निघणारा ॲसिटिलीन त्याच ग्राहीला कमी जोरानं फसवतो, म्हणून तर त्याचा उपयोग होत होता.

ग्राहीचं नाव ईटीआर-१. वनस्पतींच्या संप्रेरकांचा सगळ्यात आधी सापडलेला ग्राही हाच, १९९३ साली. त्याच्या खोबणीत तांब्याचा अणू असतो आणि इथिलीन त्याला धरतं. त्याची चाल उलटी आहे. इथिलीन नसताना तो सतत ‘थांबा’ म्हणत असतो, इथिलीन आलं की गप्प होतो. तो आला कुठून तर बहुधा नीलहरित जिवाणूंकडून. पानांतल्या हरितलवकांचे पूर्वज तेच. त्यांच्या आजच्या वंशजांतही इथिलीन धरणारं तसंच प्रथिन आहे. संत्र्याची साल पिवळी होते ती या निरोपावर हरितद्रव्य मोडतं म्हणून. आतली गोडी मात्र झाडावर झाली तेवढीच, खोलीत ती वाढत नाही.

प्रश्न : बीटीचं बियाणं लावूनही बोंडात गुलाबी अळी निघते. दुकानदार म्हणतो, अळीला सवय झाली. सवय झाली म्हणजे तिच्या पोटात नेमकं काय झालं? आणि कामगंध सापळ्यात नुसते नरच काहून अडकतात?
— एक महिला शेतकरी, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : ताई, सवय हा शब्द दुकानदारापुरताच ठेवू. कोणत्याच एका अळीला सवय झालेली नाही. ज्यांचा ग्राही आधीच बिघडलेला होता त्या वाचल्या आणि त्यांचीच पिल्लं पुढं आली.

बीटी कपाशी स्वतःच तयार करते ते क्राय-१एसी हे विष अळीच्या आतड्यात पोचतं आणि तिथल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. मग विषाचे रेणू एकत्र येऊन पेशीला भोक पाडतात. अळीनं कॅडहेरिन काही विष पकडायला ठेवलेलं नव्हतं. विषानं ते धरायला घेतलं, एवढंच. भारतातल्या वावरांतून गोळा केलेल्या, विषाला न जुमानणाऱ्या गुलाबी अळ्या तपासल्या, तेव्हा त्यांच्या कॅडहेरिनच्या जनुकात एक नाही, अनेक तऱ्हांची मोडतोड सापडली. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. मधल्या काळात, २००६ पासून, दुसरं विष क्राय-२एबी जोडलेलं होतं. त्याला चुकवणाऱ्या अळ्यांत एबीसीए-२ हे वेगळंच प्रथिन मोडलेलं निघालं. टारफुल्यानं नवं काम जोडलं, अळीनं जुनं मोडून टाकलं. मोडणं नेहमीच सोपं असतं, त्यामुळं वेळही कमी लागला. बीटी कपाशी २००२ ला आली आणि गुलाबी अळीनं बोंडं पोखरली तो २०१७ चा हंगाम आपल्याकडं कोणी विसरलेलं नाही.

एवढ्या लवकर का झालं याची मला पटणारी कारणं तीन. गुलाबी अळी जवळपास कपाशीवरच जगते. हिरवी बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावरही जगते, म्हणून बीटी न खाल्लेल्या अळ्या तिच्यात कायम मिसळत राहिल्या. दुसरं, आपलं बियाणं संकरित. संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरकीत विष सारखं नसतं, काही सरकीत एखादं विष नसतंच, आणि अळी तर सरकीच खाते. म्हणजे अर्धवट मात्रेवर वाढलेल्या अळ्या घरोघरी. तिसरं कारण बिगरबीटीच्या पाकिटाचं. कडेनं लावायचं ते बी किती जणांनी धुऱ्यावर फेकलं हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. त्या ओळींवर वाढलेल्या साध्या अळ्यांशी मोडक्या ग्राहीच्या अळ्यांची लग्नं लागली असती, तर पिल्लांकडं एक तरी धड प्रत राहिली असती आणि ती विषानं मेली असती. आता पाकिटात दोन्ही बी मिसळूनच येतं. फरदड (हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून घेतलेलं पीक) मात्र अजून घेतली जाते, आणि उन्हाळ्यापर्यंत अळीचं राशन चालू राहतं.

सापळ्याचं सोपं आहे. सापळ्यातला गंध मादीचा, १९७३ साली ओळखलेला, दोन अगदी सारख्या रेणूंचं निम्मं-निम्मं मिश्रण. ते ओळखणारे ग्राही नराच्या मिशांवर असतात, म्हणून नरच येतात. किड्यांचे वासाचे ग्राही आपल्या नाकातल्या ग्राहींचे कोणी लागत नाहीत. ते किड्यांच्याच चवीच्या जुन्या ग्राहींच्या नकलांतून झालेले आहेत. सापळ्यातली गंधाची वडी किती दिवसांनी बदलायची ते पाकिटावर लिहिलेलं असतं. सापळा पऱ्हाटीच्या शेंड्याहून फूटभर वर टांगा, हेक्टरी पाच. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग आले, तरच फवारणीचं पाहा.